ल्हासा अप्सो : डोळ्यांवरील झुलपांची निगा

ल्हासा अप्सो या तिबेटी कुत्र्याच्या कपाळावरून डोळ्यांवर उतरणारे लांब केस विंचरणे, बांधणे वा कातरणे, तसेच डोळ्यांच्या आतील कोपऱ्यांतले केस आखूड व कोरडे राखणे. श्वानप्रदर्शनांच्या परिभाषेत या झुलपांना ‘फॉल’ म्हणतात. पुण्या-मुंबईच्या ग्रूमरांकडे (कुत्र्यांचे केस कापणाऱ्यांकडे) ‘पपी कट’, म्हणजे सर्वांगाचे केस आखूड करणे, सांगितला की ती सहसा कातरूनच टाकतात. शिह त्झू व तिबेटियन टेरियर या जातींनाही यातले बहुतेक लागू पडते.

‘अप्सो’ या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. एका मतानुसार तो शेळीसारखा लोकरट अशा अर्थाच्या ‘राप्सो’ या शब्दावरून आला. दुसऱ्या मतानुसार तो ‘अब्सो सेंग क्ये’ (भुंकणारा सिंहरूपी राखणदार) या नावाचा संक्षेप आहे. दुसरी व्युत्पत्ती श्वानपालकांच्या लेखनात अधिक आवडीने सांगितली जाते. अंगावरचे केस पाहता पहिली अधिक सयुक्तिक वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश हिंदुस्थानातील हौशी मंडळी तिबेटमधून आलेल्या निरनिराळ्या केसाळ कुत्र्यांना सरसकट ‘ल्हासा टेरियर’ म्हणत. त्यामुळे त्या काळातले वर्णन नेमके कोणत्या जातीचे, हे ठरवताना सावध राहावे लागते. इंग्लंडमध्ये १९३४ साली तिबेटी जातींची संघटना स्थापन झाल्यावर ही विभागणी स्थिरावत गेली. अमेरिकन केनेल क्लबने ल्हासा अप्सोला १९३५ मध्ये मान्यता दिली. त्या क्लबच्या जातिमानकात (जातीच्या आदर्श रूपाच्या वर्णनात) डोळ्यांवर भरघोस झुलपे असावीत, असे नमूद आहे.

झुलपांच्या प्रयोजनाविषयी रूढ समजूत अशी, की तिबेटच्या पठारावरील वारा, धूळ आणि बर्फावरून परावर्तित होणारे ऊन यांपासून ती डोळे राखतात. ती कापल्यास कुत्रा आंधळा होतो, असेही पूर्वी मानीत व अजून अधूनमधून ऐकू येते. पहिला भाग संभवनीय आहे. दुसऱ्याला नेत्रवैद्यकात आधार नाही. आनुवंशिकीने या केसांचे स्पष्टीकरण वेगळ्या अंगाने दिले आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार कुत्र्यांच्या केसांतील बरीचशी विविधता तीन जनुकांनी ठरते; त्यांतली दोन येथे महत्त्वाची. आरएसपीओ२ जनुकाच्या टोकाकडील १६७ क्षारक-जोड्यांच्या (डीएनएच्या घटक-जोड्यांच्या) निवेशामुळे, म्हणजे जादा तुकड्यामुळे, दाढी-मिश्या व भुवया वाढतात; एफजीएफ५ मधील बदलामुळे केसाची वाढ वेळेवर थांबत नाही आणि तो लांबतच जातो. दोन्ही एकत्र आले की भुवईचे झुलूप होते. अशा केसांवर पिढ्यानपिढ्या माणसाच्या आवडीची निवड झाली असावी, हे मत अधिक ग्राह्य दिसते. हवामानाने लादलेली गरज म्हणूनच त्यांच्याकडे पाहिले पाहिजे, असे नाही.

कुत्र्याला खऱ्या पापणीचे केस फक्त वरच्या पापणीवर असतात. चेहऱ्यावरचा साधा केस वळून स्वच्छमंडलाला (बुबुळापुढील पारदर्शक पडद्याला) घासू लागला, तर त्या विकाराला ट्रायकियासिस म्हणतात. पापणीच्या कडेवरील तैलग्रंथींच्या छिद्रांतून जादा केस उगवणे म्हणजे डिस्टिकियासिस. त्यावर कात्रीचा उपाय नाही. ल्हासात विशेष लक्ष द्यावे लागते ते नाकाकडच्या कोपऱ्यातील गुलाबी, मांसल उंचवट्याकडे. त्यावर उगवलेले बारीक केस दिव्याच्या वातीप्रमाणे अश्रू ओढून बाहेर आणतात. गाल सदा ओला राहतो आणि अश्रूंतील पॉर्फिरीन या द्रव्यांमुळे पांढऱ्या वा सोनेरी केसांवर विटकरी ओघळ उमटतात. पावसाळी दमट हवेत तेथे यीस्टची वाढ होऊन वासही येतो. हे डाग घालवण्यासाठी टायलोसिन हे प्रतिजैविक मिसळलेली पूरके विकली जात. अशा मान्यता नसलेल्या उत्पादनांविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये इशारापत्रे दिली.

चिकट, ताणल्यास तार धरणारी चिपडे रोज येत असतील तर ती मळ समजून नुसती पुसत राहू नयेत. या जातीत डोळे कोरडे पडण्याचा विकार बराच आढळतो. पशुवैद्य खालच्या पापणीत कागदाची पट्टी ठेवून तो तपासतात. मिनिटभरात ती सुमारे १५ मिमी. भिजली तर अश्रू पुरेसे मानतात.

कातरताना डाव्या हाताने हनुवटीची दाढी धरतात. कोपऱ्यातील केस कोमट पाण्याने ओले करून बारीक फणीने नाकाकडे खाली विंचरतात. बोथट टोकाची कात्री नाकाच्या दांड्याला समांतर, टोक डोळ्यापासून दूर ठेवून चालवतात. उजव्या हाताची करंगळी कुत्र्याच्या थोबाडावर टेकलेली असावी, म्हणजे त्याने मान झटकली तरी हात व कात्री बरोबरच हलतात. वाळलेली चिपडे आधी भिजवून सैल करतात. सुकी ओढल्यास खालची कातडी सोलते. डोळ्यांवरील राठ स्पर्शकेसांना काही लागताच कुत्रा डोळे मिटतो. भुवई साफ करताना ते बहुधा कापले जातात, मात्र पुन्हा उगवतात.

प्रदर्शनासाठीच्या ल्हासाची झुलपे मधोमध भांग पाडून दोन्ही बाजूंना सोडतात. शिह त्झूची मात्र डोक्यावर शेंडी बांधतात. शेंडीचे रबर फार घट्ट बसले तर पापणी वर ओढली जाते व डोळा नीट मिटत नाही. रबर ओढून काढल्यास केस तुटतात, म्हणून ते कापून काढतात.