पार्श्वभूमी : लहानांच्या आणि ज्येष्ठांच्या दिनचर्येत व्यायाम कधी आला?

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे अंग चांगले हलेल, दम लागेल असे खेळावे, आणि पासष्टी ओलांडलेल्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या हालचालीबरोबरच निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व ताकदीचे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. हा सल्ला आता इतका अंगवळणी पडला आहे की त्यात कुणाला नवल वाटत नाही. प्रत्यक्षात ज्या दोन वयांना आज व्यायामाचा आग्रह केला जातो, त्याच दोन वयांना आपल्या परंपरेने व्यायामातून सूट दिलेली होती.

वाग्भटाच्या अष्टांगहृदय या जुन्या आयुर्वेदग्रंथातील दिनचर्येचा अध्याय आजही वैद्य मंडळी आवर्जून सांगतात. पहाटे उठणे, दात घासणे, तेल लावणे, व्यायाम, स्नान असा त्याचा क्रम आहे. व्यायामाचे गुण वर्णन केल्यावर तो कोणी करू नये हेही तिथे सांगितले आहे, आणि त्या यादीत अजीर्ण झालेल्यांच्या पंक्तीला बालक आणि वृद्ध बसलेले आहेत. धडधाकट, स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेसुद्धा निम्मीच शक्ती खर्चावी असा त्यातला दंडक आहे. अभ्यंगाला मात्र असे वयाचे बंधन नाही. तेल रोज लावावे, त्याने म्हातारपण, श्रम आणि वात दूर होतात, डोके, कान आणि पाय यांना ते विशेष लावावे, असे वाग्भट सांगतो.

मराठी घरांनी हा भाग जवळजवळ शब्दशः पाळला. बाळाला न्हाऊ घालणारी बाई पाय लांब करून पाटावर बसते, बाळाला नडग्यांवर आधी उताणे आणि मग पालथे घेते, हातपाय चोळते, टाळू तेलाने भरते आणि आंघोळीनंतर वेखंड-ओव्याची धुरी देते. त्याच घरात रात्री आजोबांच्या तळपायांना काशाच्या वाटीने तूप किंवा खोबरेल चोळले जाते. दोन्ही ठिकाणी ज्याच्यासाठी हे चालले आहे तो स्वतः काही करत नाही; त्याच्यासाठी दुसरे कोणीतरी राबते. अर्थात ही सूट ज्यांना परवडत होती त्यांच्यापुरतीच होती, हे विसरता कामा नये. शेतावरचा म्हातारा जमेल तोवर बांधावर जातच होता आणि भल्या पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईला तिचे वय कोणी विचारत नव्हते. मुलांचे म्हणाल तर सूरपारंब्या, लगोरी आणि विटीदांडू यांत त्यांचा दिवस जाई, त्यामुळे त्यांना वेगळा व्यायाम सांगण्याची गरजच भासली नाही. तालीम होती ती तरुणांची. जोर, बैठका आणि कुस्ती हे भर ज्वानीतले शास्त्र मानले जाई.

या रीतीला महाराष्ट्रात मोठा छेद दिला तो साताऱ्याकडच्या औंध संस्थानाने. १९०९ साली गादीवर आलेले भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि हौशी गृहस्थ होते. तरुणपणी त्यांनी युजेन सँडो या युरोपातील प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीने व त्याच्याच साधनांनी अनेक वर्षे व्यायाम केला. पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या आग्रहावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग त्यांनी ते सोडले नाहीत. नमस्काराला ना साधन लागत होते, ना आखाडा, ना जोडीदार. सतरंजीएवढी जागा पुरत असल्याने तो घराघरांत आणि शाळाशाळांत नेता येण्याजोगा होता. पंतांनी संस्थानातील शाळांत तो सक्तीचा केला, राजवाड्यातील स्त्रियांनाही त्यात ओढले, त्यावर पुस्तके लिहिली आणि १९३६ च्या सुमारास, सत्तरी जवळ आली असताना, इंग्लंडमध्ये जाऊन आपल्याच प्रकृतीचा दाखला देत त्याचा प्रचार केला. १९३८ साली त्यांच्या पद्धतीवरचे इंग्रजी पुस्तक तिकडे छापून निघाले.

राजाची सक्ती ही आरोग्याची सवय लावण्याची चांगली रीत आहे असे मला वाटत नाही, आणि त्या काळच्या प्रचारात दम्यापासून वंध्यत्वापर्यंत सर्वांवर नमस्काराचा उतारा सांगण्याचा जो उत्साह होता तोही आज पटण्यासारखा नाही. तरीही औंधात एक गोष्ट पहिल्यांदा घडली: आठ वर्षांचा विद्यार्थी आणि सत्तरीकडे झुकलेला राजा यांना एकच व्यायाम सांगितला गेला. औंधातच स्वाध्याय मंडळ ही वेदाभ्यासाची संस्था चालवणारे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही नमस्काराचे पुरस्कर्ते होते. १८६७ साली जन्मलेले सातवळेकर वयाची शंभरी ओलांडून १९६८ साली वारले. एका माणसाच्या आयुष्यावरून काही सिद्ध होत नाही. पण नमस्काराच्या प्रचारकांना याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडले नसते.

सिद्ध करण्याचे काम पुढे इतरत्र झाले. १९५३ साली ब्रिटिश डॉक्टर जेरी मॉरिस यांनी लंडनमधील दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा एकेका पाळीत शेकडो पायऱ्या चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत होता. व्यायामाचा संबंध ताकदीऐवजी रोगाशी जोडणारी ही सुरुवात होती. म्हाताऱ्यांबाबतचा समज मोडायला आणखी बराच काळ लागला. १९९० साली बॉस्टनमध्ये मारिया फियाटारोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या १० जणांकडून आठ आठवडे पायांनी वजने उचलून घेतली. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हातारपणी स्नायू गळतात ते केवळ वयामुळे नव्हे, तर वापर थांबल्यामुळेही, हे यातून पुढे आले.

(दहा हजार पावलांचा आकडा मात्र असा कुठल्या प्रयोगातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ साली जपानी बाजारात आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातच तो होता. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १७ हजार स्त्रियांच्या पाहणीत साडेचार हजारांच्या आसपास पावलांपासूनच मृत्यूचा धोका घटताना दिसला आणि साडेसात हजारांच्या पुढे त्यात विशेष भर पडली नाही. सकाळी मनगटावरच्या घड्याळाकडे बघून खट्टू होणाऱ्या आजी-आजोबांना हे कोणीतरी सांगायला हवे.)

बालपण आणि उतारवय ही दोन वये एकमेकांशी कशी बांधलेली आहेत, याचा उलगडा व्यायामाच्या वाटेने झाला नाही. तो झाला वजनाच्या नोंदींमधून. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुईणी आणि आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचे जन्मवजन आणि वर्षाच्या वयाचे वजन वहीत टिपून ठेवत. त्या वह्या साउदम्प्टनचे साथरोगतज्ज्ञ डेव्हिड बार्कर यांच्या हाती लागल्या. त्यांनी १९३० पर्यंत जन्मलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांचा माग काढला आणि १९८९ साली दाखवून दिले की वर्षाच्या वयाला ज्यांचे वजन कमी होते, ते मोठेपणी हृदयविकाराने अधिक प्रमाणात दगावले.

याच सुमारास पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना सडपातळ माणसांना मधुमेह का होतो हा प्रश्न सतावत होता. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू झाला. त्या स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते आणि त्या शेतातली, पाणी भरण्याची कामे शेवटपर्यंत करत होत्या. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची भरली, तर साउदम्प्टनची ३.५ किलोची. हातपाय, पोट, स्नायू सगळेच लहान. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ टिकून होती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीयुक्त अशी ही बाळे. हा मुद्दा पटवण्यासाठी याज्ञिक यांनी २००४ साली आपले आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचा उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक २२.३ असा तंतोतंत सारखा होता, पण इंग्रजाच्या अंगात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के.

या अभ्यासातील रोजच्या जेवणाशी निगडित निष्कर्ष त्या मानाने कमी लोकांपर्यंत पोचला. एकूण उष्मांक किंवा प्रथिने किती, यापेक्षा आई हिरव्या पालेभाज्या आणि फळे किती वेळा खाते व दूध किती घेते, यावर बाळाची वाढ अधिक अवलंबून असल्याचे आढळले. अंबाडी, मेथी, शेपू अशा ताटात कडेला पडणाऱ्या भाज्यांना यामुळे अचानक महत्त्व आले. सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्वही कमी होते. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट हे दुसरे ब-जीवनसत्त्व जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढच्या मधुमेहाची, लक्षणे अधिक दिसली.

त्याच मुलांना २०१२ पासून, ती सतरा-अठरा वर्षांची असताना आणि आई-बाप होण्याच्या आधीच, रोज बी-१२ आणि इतर सूक्ष्म पोषकांच्या गोळ्या देण्याचा प्रयोग सुरू करण्यात आला. मुलींबरोबर मुलगेही त्यात होते. त्यांच्या पोटी जन्मलेल्या बाळांची वजने आणि मापे त्याच गावांमध्ये घेतली गेली.