शालेय कलोपचार (बेळगाव सीमाभाग)

शाळेत न रुळणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींना रंग, माती, कातरकाम यांच्या आधाराने मन मोकळे करू देण्याची उपचारपद्धती. ती प्रशिक्षित उपचारकाच्या देखरेखीखाली चालते.

उगमाविषयी एकमत नाही. इंग्लंडमध्ये चित्रकार एड्रियन हिल १९३८ मध्ये क्षयरोगामुळे आरोग्यधामात असताना चित्रे काढू लागले. ‘आर्ट थेरपी’ ही संज्ञा त्यांनीच १९४२ च्या सुमारास रूढ केली, असे बहुतेक ब्रिटिश अभ्यासक मानतात. अमेरिकेत मात्र हा मान मार्गारेट नौम्बर्ग यांना दिला जातो. फ्रॉइडप्रणीत विचारानुसार त्यांनी चित्राला अबोध मनाचे बोलणे मानले आणि चित्रकर्त्याने त्यावर स्वतः भाष्य करण्याला महत्त्व दिले. एडिथ क्रेमर (१९१६–२०१४) यांनी प्रागमध्ये निर्वासित मुलांसोबत आणि १९५० पासून न्यूयॉर्क राज्यातील विल्टविक शाळेत काम केले. त्यांच्या मते घडवण्याची क्रियाच उपचारक असते, अर्थ लावणे दुय्यम. शाळकरी मुलांच्या बाबतीत क्रेमर यांची भूमिका अधिक पटते, कारण अर्थ सांगायला भाग पाडले की बुजरे मूल आणखी मिटते.

सीमाभागात याला भाषेचा पदर आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर बेळगाव, खानापूर, निपाणी हा मराठीबहुल मुलूख आजच्या कर्नाटकात आला. मराठी शाळेतून पुढे कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलाला उत्तर येते, पण शब्द सापडत नाही. ते गप्प बसते आणि मठ्ठ ठरते. कागदावर ही अडचण येत नाही. नंतरचे बोलणे मात्र घरच्या मराठीतच व्हायला हवे.

साधने साधी असतात : जाड खडू, जुनी मासिके, शाडू. दिवाळीत किल्ले बांधणाऱ्या इथल्या मुलांचे हात मातीला सरावलेले असतात, त्यामुळे पुष्कळदा सुरुवात मातीनेच करणे सोयीचे. खोडरबर शक्यतो देत नाहीत, कारण गिरगटून टाकलेली आकृतीही कामाची असते. ‘हे काय काढलास?’ असे न विचारता ‘सांग की याबद्दल’ एवढेच म्हणावे.

चित्रकलेचा तास म्हणजे कलोपचार नव्हे. चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्यामुळे बेळगावात वास्तवदर्शी चित्रणाची भक्कम परंपरा रुजली. त्या वळणाच्या शिक्षकाची नजर आधी प्रमाणबद्धतेकडे जाते; येथे ती आवरावी लागते. गुण देत नाहीत आणि मुलाच्या संमतीवाचून चित्र फलकावर लावत नाहीत. स्वतःला इजा करण्याची खूण दिसल्यास कलोपचारावर विसंबू नये. मुलाला तातडीने मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे.