सब्जाँक्तीफ घेणारी उभयान्वयी अव्यये (फ्रेंच व्याकरण)

गौणवाक्यातील क्रियापद स्वार्थात (वस्तुस्थिती सांगणाऱ्या साध्या रूपात) न ठेवता सब्जाँक्तीफमध्ये (इच्छा, हेतू, शक्यता इत्यादी दर्शवणाऱ्या, विध्यर्थासारख्या रूपात) ठेवायला लावणारी फ्रेंच अव्यये. बहुतेकांच्या शेवटी ‘क’ असतो. हेतू (पूर क, आफँ क), विरोध (बिएँ क, क्वाक), काळाची मर्यादा (आव्हाँ क, झ्युस्का स क), अट (आ म्वँ क, पुर्व्यू क), भीती (द पर क) व अभाव (साँ क) हे त्यांचे नेहमीचे गट. कारणवाचक पार्स क व प्युईस्क यांच्यानंतर स्वार्थच येतो.

हेतू व अट यांतील क्रिया अजून घडलेली नसते, म्हणून सब्जाँक्तीफ, असे सांगितले जाते. विरोधवाचकांना हे लागू पडत नाही : ‘बिएँ किल स्वा मालाद’ (तो आजारी असूनही) म्हणताना आजारपण खरेच असते. काहींच्या मते येथील सब्जाँक्तीफ हा केवळ अव्ययाने लादलेला नियम होय. बोलणारा ती गोष्ट ठासून सांगत नाही, गृहीत धरतो, हे स्पष्टीकरण अधिक समाधानकारक वाटते. मात्र सतराव्या शतकातही या विरोधवाचक अव्ययांनंतर अधूनमधून स्वार्थ आढळतो, तेव्हा नियम बराच उशिरा पक्का झाला असावा. द सोर्त क (अशा रीतीने की) मध्ये स्वार्थ की सब्जाँक्तीफ ही निवड आशयावर ठरते : ‘द सोर्त किल काँप्रेन’ म्हणजे त्याला समजावे म्हणून, तर ‘द सोर्त किल काँप्राँ’ म्हणजे परिणामी त्याला समजते.

सर्वाधिक वाद ‘आप्रे क’विषयी (नंतर) आहे. घडून गेलेली घटना सांगणाऱ्या या अव्ययाला व्याकरणकार स्वार्थच देतात, फ्रेंच अकादमी ही भाषेचे नियमन करणारी संस्थाही तोच आग्रह धरते. लॅटिनमधील त्याच अर्थाचे पोस्टक्वामही सहसा स्वार्थच घेई. तरी विसाव्या शतकात बोलण्यात व छापील मजकुरातही सब्जाँक्तीफ पसरला. हे विरुद्धार्थी ‘आव्हाँ क’चे अनुकरण, असे सामान्यतः मानतात. दुसरे कारण उच्चारातले : साहित्यिक भूतकाळातील तृतीयपुरुषी एकवचनी ‘फ्यू’ (होता) व सब्जाँक्तीफमधील ‘फ्यू’ यांत फरक केवळ लेखनातील टोपीचिन्हाचा. हे कारण पूरक म्हणून ग्राह्य आहे. एकट्याने पुरेसे नाही, कारण ते साहित्यिक रूप बोलण्यातून जवळजवळ गेले असतानाही सब्जाँक्तीफ वाढतच राहिला. ‘पार्ले’सारख्या (बोलणे) क्रियापदांची वर्तमानकाळातील एकवचनी रूपे स्वार्थ व सब्जाँक्तीफ या दोहोंत सारखीच असल्याने पुष्कळ वाक्यांत फरक मुळी ऐकूच येत नाही. ‘माल्ग्रे क’ (जरी) हे विरोधवाचक अव्यय बोलीत रूढ असले तरी शुद्धतावादी ते टाळतात.

आव्हाँ क, आ म्वँ क, द पर क यांच्यानंतर नकारार्थ नसलेला ‘न’ ऐच्छिक असतो. ‘साँ क’नंतर तो घालू नये, असे अकादमीने १९६६ मध्ये बजावले. दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असल्यास हेतू व पूर्वकालवाचकांच्या जागी सहसा ‘पूर’ किंवा ‘आव्हाँ द’ आणि क्रियापदाचे मूळ रूप येते. बिएँ क ला मात्र अशी सोय नाही.