रुग्णपडताळणी, डिजिटल (ग्रामीण विदर्भ)

उपचारासाठी आलेली व्यक्ती आणि संगणकावर तिच्या नावाने उघडलेली आरोग्यनोंद एकाच माणसाची आहे, याची खातरजमा करण्याची पद्धत. तिची दोन अंगे आहेत : ओळख सांगणे (आभा, म्हणजे आयुष्मान भारत आरोग्य खात्याचा, क्रमांक) आणि ती पटवणे (ओटीपी, बोटाचा ठसा, चेहरा). व्यवहारात दोहोंची गल्लत होते. 14 अंकी आभा क्रमांक आणि विमा संरक्षणाचे आयुष्मान कार्ड यांचीही होते; दोन्ही कार्डे रेशनकार्डासोबत एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात.

उगम : आभाची सुरुवात कोठून धरावी, हे व्याख्येवर ठरते. आधारवर टेकलेली रुग्णओळख हाच गाभा मानल्यास ती इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींच्या 2013 च्या मानकांपर्यंत (सुधारित 2016) मागे नेता येते. आरोग्यासाठी स्वतंत्र क्रमांक हा गाभा धरल्यास नीती आयोगाचा 2018 चा ‘नॅशनल हेल्थ स्टॅक’ मसुदा पुढे येतो. तथापि, नोंद जेथे तयार झाली त्या रुग्णालयातच ठेवायची आणि रुग्णाच्या संमतीनेच दुसरीकडे द्यायची, ही आजची रचना 2019 च्या राष्ट्रीय डिजिटल आरोग्य आराखड्याशी अधिक जुळते. म्हणून तो आराखडा आरंभबिंदू मानणे सयुक्तिक वाटते. 15 ऑगस्ट 2020 रोजी घोषित झालेले राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियान आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत राबवले गेले. 27 सप्टेंबर 2021 पासून ते देशभर लागू झाले. क्रमांक घेणे ऐच्छिक आहे.

विदर्भातील व्यवहार : अडचण बहुधा नावापासूनच सुरू होते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या बाईच्या आधारवर कधी वडिलांचे नाव असते, तर कधी नवऱ्याचे. काही घरांत सासरी तिचे स्वतःचे नावही बदललेले असते. कोरकू व गोंडी नावे रोमन लिपीत प्रत्येक जण आपापल्या कानाने लिहितो. जन्मतारीख ठाऊक नसलेल्यांना 1 जानेवारी लागलेली असते, त्यामुळे तारखेवरून माणूस वेगळा काढता येत नाही. कापूस वेचून किंवा रोवणी करून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र पुष्कळदा घेत नाही. मग ओटीपी उरतो. पण फोन नवऱ्याच्या खिशात, नवरा वावरात. धारणी, चिखलदरा, भामरागडच्या आतल्या गावांत रेंजचाही भरवसा नसतो.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या बाबतीत चूक महागात पडते. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय निर्मूलन अभियानात 40 वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अपेक्षित आहे. वाहकाचा (स्वतः आजारी नसलेल्या, पण आजार पुढच्या पिढीकडे नेऊ शकणाऱ्याचा) अहवाल रुग्णाच्या नावावर चढला, तर औषधोपचार आणि लग्नाआधीचे समुपदेशन दोन्ही चुकतात.

घरात फोन नसल्यास कधी आशाताईंचा नंबर दिला जातो. अशा वेळी ओटीपी त्यांच्या फोनवर येतो आणि त्यांनी तो सांगितला की संगणकाच्या लेखी रुग्णाने आपली ओळख पटवलेली असते. अशा माहितीच्या रक्षणासाठीचा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये संमत झाला.