उचललेली ऑर्डर क्यूमध्येच का दिसते?

तुमच्या वेबसाइटवर ऑर्डर पडली की तिचा मेसेज ‘अ‍ॅझ्युअर सर्व्हिस बस’ या मायक्रोसॉफ्टच्या मेसेज पोचवणाऱ्या सेवेच्या क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, येतो आणि तिथून तुमचा स्टॉकचा किंवा कुरिअरचा प्रोग्राम तो उचलतो. उचलल्यावरही तो क्यूमध्ये दिसतो, म्हणून आमचे काही ग्राहक काळजीत पडतात. आम्ही तो मुद्दाम तिथे ठेवतो.

मेसेज उचलायच्या पद्धती दोन. ‘रिसीव्ह अँड डिलीट’मध्ये मेसेज दिला की क्यूतून लगेच पुसला जातो. पुढच्याच क्षणी दुकानातली वीज गेली तर ऑर्डरही गेली, पैसे मात्र जमा झालेले! कोल्ड स्टोरेजच्या तापमानाची एखादी नोंद हुकली तर चालतं, ऑर्डर हुकून चालत नाही. म्हणून ऑर्डरसाठी आम्ही ‘पीक-लॉक’च वापरतो, कोणी वेगाचा आग्रह धरला तरी.

पीक-लॉकमध्ये मेसेज उचलताच त्यावर लॉक बसतो आणि लॉक असेपर्यंत तो दुसऱ्या कोणाला मिळत नाही. काम झालं की प्रोग्रामने ‘कम्प्लीट’ कळवायचं, मगच मेसेज पुसला जातो. काम जमलं नाही तर ‘अबॅन्डन’, म्हणजे मेसेज सोडला, असं कळवायचं. प्रोग्राम मध्येच बंद पडला तर लॉकची मुदत संपताच मेसेज आपोआप मोकळा होतो.

गोची होते ती या मुदतीत. मुदत सहसा 1 मिनिट असते. सेटिंगमध्ये जास्तीत जास्त 5 मिनिटं देता येते. समजा, दोन कुकरची ऑर्डर आहे. स्टॉक 40 वरून 38 झाला, पण कुरिअरची साइट रखडली आणि 70 सेकंद गेले. लॉक सुटला, दुसऱ्या मशिनवरच्या प्रोग्रामने तोच मेसेज उचलला, स्टॉक 36 वर आला आणि एका ऑर्डरची दोन लेबलं निघाली. पहिल्या प्रोग्रामने मग ‘कम्प्लीट’ कळवलं, पण लॉक गेल्याची एरर आली.

तुमच्या प्रोग्रामरला दोन गोष्टी आवर्जून सांगा. काम लांबणार असेल तर लॉकचं नूतनीकरण करत राहायचं. आणि स्टॉकला हात लावण्याआधी हा ऑर्डर नंबर आधी नोंदला गेलाय का ते बघायचं, कारण पीक-लॉकमध्ये तोच मेसेज पुन्हा येऊ शकतो हे गृहीतच धरावं लागतं. सर्व्हिस बसमधली डुप्लिकेट ओळखायची सोय इथे कामाची नाही. पाठवणाऱ्याकडून तोच मेसेज दोनदा आला तरच ती अडवते. मेसेज आगाऊ ओढून ठेवायचं ‘प्रीफेच’ चालू असेल तर तेही तपासा. मेसेज नुसता पडून असला तरी लॉकचं घड्याळ चालूच असतं.

एखाद्या ऑर्डरचा पिनकोडच चुकीचा असेल तर ती कितीदाही उचलली तरी अडकणारच. अशी ऑर्डर 10 वेळा देऊनही पार पडली नाही, की सर्व्हिस बस ती ‘डेड-लेटर क्यू’मध्ये टाकते. तिथून ती आपोआप पुसली जात नाही, कोणीतरी बघावीच लागते. रोज दुकान उघडल्यावर तिथला आकडा बघा. शून्य नसेल तर ऑर्डर नंबर आम्हाला कळवा, आणि आम्ही बघेपर्यंत तो मेसेज पुसू नका.