एक तार चढवली की पाच उतरतात

तंबोऱ्याची एक तार चढवली म्हणून बाकीच्या तीन बिघडत नाहीत, कारण घोडी जागची हलत नाही. ट्रेमोलो (दांडीने हलवून स्वर खाली-वर करणारी घोडी) असलेली इलेक्ट्रिक गिटार नव्याने लावणाऱ्याला नेमका इथेच चकवा बसतो. सहा तारांतली जाड ई लावली, मग ए, डी, जी, बी करत पातळ ईपर्यंत पोचलो, आणि सहज आधी लावलेली जाड ई छेडली तर ती चांगलीच उतरलेली. ती चढवावी तर पातळ ई उतरते. ट्यूनर बिघडलेला नसतो आणि खुंट्याही सैल नसतात. या गिटारची घोडी, म्हणजे ब्रिज, मुळातच डुलणारी असते.

ही रचना १९५४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये फेंडर कंपनीने काढलेल्या स्ट्रॅटोकास्टरबरोबर आली आणि आजही ट्रेमोलोच्या बहुतेक गिटारींवर तिचंच एखादं भावंड दिसतं. ब्रिजची धातूची पट्टी पुढच्या कडेने सहा स्क्रूंवर टेकते. पुढच्या काळातल्या अनेक मॉडेलांत सहांऐवजी दोनच खांब असतात. पट्टीखाली एक जड ठोकळा गिटारच्या पोटातल्या खाचेत लोंबतो, आणि तारा त्यातूनच ओवलेल्या असतात. ठोकळ्याच्या खालच्या टोकाला स्प्रिंगा अडकवतात. त्यांची दुसरी टोकं ‘क्लॉ’ नावाच्या पंजासारख्या पट्टीत असतात आणि ती पट्टी दोन लांब स्क्रूंनी लाकडात घट्ट केलेली असते. तारा ब्रिजला मानेकडे ओढतात, स्प्रिंगा उलट दिशेला. थोडक्यात, हा तराजू आहे. (ट्रेमोलो हे नाव तसं चुकीचंच. ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या मोठेपणातली थरथर, स्वराच्या उंचीतली थरथर म्हणजे व्हायब्रॅटो. पण चूक इतकी रुळली आहे की आता दुरुस्त करणाराच विचित्र वाटतो.)

तराजूच्या एका पारड्यात किती वजन आहे? वाजत्या तारेची लांबी ६४८ मिमी असलेल्या गिटारवर ०.००९ ते ०.०४२ इंच जाडीच्या तारांचा संच नेहमीच्या सुरात लावला, तर सहा तारांचा मिळून ताण साधारण ३८ किलो भरतो. ०.०१० ते ०.०४६चा संच घातला की तोच सुमारे ४७ किलो होतो. म्हणून तारांची जाडी बदलली आणि स्प्रिंगा तशाच ठेवल्या, तर ब्रिजची शेपटी वर उचलली जाते, तारा उंच होतात आणि सगळी मांडणी कोसळते. दुकानातून ‘जरा जाड’ तारा आणण्याआधी हे लक्षात ठेवावं.

नुसत्या खुंट्या पिळत राहिलं तर चार-पाच फेऱ्यांत सूर जमतो, पण ब्रिज कुठल्या कोनात थांबेल ते नशिबावर. त्यापेक्षा ब्रिजला आधी जागेवर बांधून टाकावं आणि स्प्रिंगांचा हिशेब शेवटी चुकता करावा.

मागचं झाकण काढा. क्लॉचे दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा आटा करत आवळा, म्हणजे स्प्रिंगा तारांवर मात करतील आणि ब्रिज मागे बसेल. क्लॉला एक अर्थिंगची वायर डाखलेली असते, ती तुटली तर गिटार गुणगुणायला लागते, तेवढं सांभाळा. आता दांडी दाबून ब्रिजची शेपटी उचला आणि तिच्याखाली सुमारे ३.२ मिमी जाडीची पट्टी सरकवा. फेंडरच्या मापात शेपटी लाकडापासून एवढीच वर असते. जुनी एटीएम कार्डं इथे कामाला येतात: एक कार्ड ०.७६ मिमीचं, चार रचली की जवळपास माप मिळतं. दांडी सोडली की ब्रिज त्या कार्डांवर घट्ट बसतो आणि तुमची गिटार तात्पुरती तंबोऱ्यासारखी शहाणी होते.

आता नव्या तारा सुरात लावा, एकेक तार हाताने हलकेच ओढून ताणा, पुन्हा लावा. उतरायच्या थांबेपर्यंत हे करा.

मानेचा बाकही याच स्थितीत बघावा. पहिल्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून तार शेवटच्या पडद्यावर दाबली की आठव्या पडद्यापाशी पाव मिमी फट दिसायला हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतला धातूचा गज) पाव आटा आवळा, पुन्हा सुरात लावून मोजा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लाकूड दमट होतं आणि हा बाक बदलतो, तेव्हा वर्षातून दोनदा तरी मोजणं बरं. तारांची उंची सतराव्या पडद्यावर मोजतात, १.६ मिमी हे चांगलं सुरुवातीचं माप. ती सॅडलच्या, म्हणजे ब्रिजवर प्रत्येक तार ज्यावर टेकते त्या तुकड्याच्या, बारीक स्क्रूंनी बदलते. काही गिटारींना १.५ मिमीची अ‍ॅलन की लागते, काहींना ०.०५० इंची, चुकीची घुसवली तर षट्कोन झिजतो आणि मग स्क्रू कुणाच्या बापाला फिरत नाही.

बाराव्या पडद्याचा स्वर आणि त्याच जागी नुसतं बोट टेकवून काढलेला हार्मोनिक, हे दोन्ही ट्यूनरवर एक यायला हवेत. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे घ्या, उतरा असेल तर मानेकडे. तार दाबताना ती थोडी ताणली जाते, शिवाय तिला स्वतःचा ताठरपणा असतो, म्हणून सॅडल एका सरळ रेषेत कधीच येत नाहीत.

सगळं जुळलं की स्प्रिंगा सोडवायच्या. क्लॉचे स्क्रू दोन्हीकडे सारखे, पाव-पाव आटा करत सैल करा आणि दर वेळी कार्डं हलवून बघा. ज्या क्षणी ती अलगद निसटतात, त्या क्षणी दोन्ही पारडी समान झालेली असतात. ट्यूनर लावा: किरकोळ फरक सोडला तर सहाही तारा सुरात असतील.

एवढं करूनही दांडी वापरल्यावर सूर परत येत नसेल, तर दोष घर्षणाचा. कुठे, ते तारच सांगते. दांडी खाली दाबून सोडल्यावर तार चढी राहिली, तर ती बहुतेक वेळा नटमध्ये, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत, अडकते आहे: ताण कमी झाल्यावर खुंटीकडचा तुकडा तार आपल्याकडे ओढून घेतो आणि नंतर परत देत नाही. तार ताणून वाजवल्यावर ती उतरी राहिली तरी संशयित तोच. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. खाचच अरुंद असेल तर मात्र ती कानशीने रुंद करावी लागेल. सहा स्क्रूंचा ब्रिज असेल तर स्क्रू गच्च आवळलेले नाहीत ना तेही पाहा. पट्टी त्यांच्यावर मोकळी डुलली पाहिजे.

या तक्रारीत ‘जी’ (G) तार नेहमी पुढे असते, आणि त्याचं कारण गमतीचं आहे. साध्या, न गुंडाळलेल्या पोलादी तारेत दर चौरस मिमीमागचा ताण स्वराच्या वारंवारितेच्या वर्गावर ठरतो, जाडीवर नाही. पातळ ई ३२९.६ हर्ट्झला वाजते, जी १९६ला. म्हणजे जीमधला हा ताण ईच्या जेमतेम ३५ टक्के. मुळात कमी ताणलेल्या तारेला तेवढाच झटका दिला की तिचा स्वर प्रमाणात जास्त सरकतो, इथे जवळपास तिप्पट. म्हणून दांडी वर ओढल्यावर ई अर्धा स्वर चढते तेव्हा बी सुमारे एक स्वर आणि जी दीड स्वर चढते. नटमधली तीच अडकण जीवर सगळ्यात आधी ऐकू येते ती याच हिशेबाने.

फ्लॉइड रोझ यांच्या ब्रिजमध्ये (अमेरिकी पेटंट १९७९) तार नटपाशीही आणि सॅडलपाशीही कुलपात पकडली जाते, त्यामुळे ही घसरण उरत नाही. कुलूप लावल्यावर खुंट्या निरुपयोगी होतात, म्हणून ब्रिजवर बारीक सूर जुळवणारे स्क्रू दिलेले असतात. तंबोऱ्याचे मणी जे काम करतात तेच. नट आवळण्याआधी ते मध्यावर आणून ठेवा, नाहीतर एका बाजूला फिरायला जागाच उरणार नाही. तराजू मात्र इथेही तराजूच.

तरंगत्या ब्रिजवर एक तार बोटाने ताणली की इतर थोड्या उतरतात, त्यामुळे दोन तारा एकत्र वाजवून एक ताणण्याच्या जागा बेसूर लागतात. तार तुटली तर उरलेल्या पाच चढतात आणि गाणं तिथेच संपतं. जाड ई एक स्वर उतरवली तरी बाकीच्या चढतात. हे नको असेल तर चौथी-पाचवी स्प्रिंग घालून क्लॉ इतका आवळा की शेपटी लाकडावर टेकून राहील. दांडी फक्त खाली जाईल, पण वरच्या तिन्ही कटकटी मिटतील. ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी तर आपल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये लाकडाचा तुकडा ठोकून ट्रेमोलो कायमचा अडवून ठेवला.