लष्करी वैमानिकाचे नागरी विमानसेवेतील संक्रमण

हवाई दल, नौदल किंवा भूदलाच्या हवाई शाखेत तयार झालेला वैमानिक सेवेतून मुक्त होऊन प्रवासी अथवा मालवाहू विमान कंपनीत नोकरी पत्करतो, ती प्रक्रिया. नागरी परवाना मिळवणे, उड्डाणतासांची फेरमोजणी, वैद्यकीय तपासणी, कंपनीच्या विमानप्रकाराचे प्रशिक्षण (टाइप रेटिंग) आणि ज्येष्ठता यादीत तळापासून सुरुवात, हे तिचे मुख्य टप्पे होत. विमान चालवायला नव्याने शिकणे हा त्यांतला सर्वांत लहान भाग असतो. बहुतेक अडचणी आधीचा अनुभव कशात आणि किती धरायचा, या प्रश्नातून निर्माण होतात.

उगम : या प्रथेची सुरुवात कोठून मानावी, याविषयी एकमत नाही. १ जानेवारी १९१४ रोजी फ्लॉरिडातील सेंट पीटर्सबर्ग ते टॅम्पा अशी विमानाची नियमित प्रवासी सेवा सुरू झाली. परंतु तिचा वैमानिक टोनी जॅनस लष्करातून आलेला नव्हता, त्यामुळे ती घटना येथे बाजूला ठेवावी लागते. काहीजण १५ मे १९१८ ही तारीख पुढे करतात. त्या दिवशी अमेरिकी भूदलाच्या वैमानिकांनी वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क यांच्या दरम्यान टपाल वाहण्यास आरंभ केला. मात्र ते वैमानिक गणवेशातच होते. ऑगस्टमध्ये टपाल खात्याने ही सेवा आपल्याकडे घेऊन नागरी वैमानिक नेमले, म्हणजे बदलले ते माणसांचे क्षेत्र नव्हे, तर सेवेचे मालक.

८ फेब्रुवारी १९१९ रोजी फार्मान गोलियाथ विमान पॅरिसजवळून लंडनजवळच्या केन्ली येथे प्रवासी घेऊन गेले. या उड्डाणाचाही दाखला वारंवार दिला जातो. त्यातील प्रवासी लष्करी होते, कारण ब्रिटनमध्ये नागरी उड्डाणाला तोवर मुभाच नव्हती; ती १ मे १९१९ पासून मिळाली. त्यामुळे सर्वसाधारणपणे २५ ऑगस्ट १९१९ हा दिवस प्रमाण मानला जातो. एअरक्राफ्ट ट्रान्सपोर्ट अँड ट्रॅव्हल या कंपनीने त्या दिवशी लंडन–पॅरिस अशी रोजची सेवा सुरू केली. युद्धात वैमानिक असलेले बिल लॉफर्ड यांनी सकाळी मूळच्या बाँबफेकी डी.एच. ४ विमानाच्या बदललेल्या आवृत्तीतून एक प्रवासी, वर्तमानपत्रे, थोडे चामडे, शिकारीचे ग्राउस पक्षी आणि डेव्हनशरच्या सायीच्या बरण्या नेल्या. दुपारी त्याच कंपनीच्या मोठ्या विमानातून चार प्रवासी गेले. यांपैकी ‘पहिले’ उड्डाण कोणते यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु दोन्ही विमानांवर युद्धातून आलेलेच वैमानिक असल्याने प्रस्तुत विषयापुरता तो वाद निरर्थक आहे.

यांपेक्षा १३ ऑक्टोबर १९१९ रोजी सह्या झालेला पॅरिस करार हा आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक वाटते. या कराराने शासकीय व खासगी विमाने वेगळी केली आणि एका परिशिष्टात वैमानिकांच्या प्रमाणपत्रासाठी किमान पात्रता घालून दिली. तोपर्यंत सैनिकी आणि नागरी वैमानिक यांत आंतरराष्ट्रीय कायद्याने आखलेली सीमाच नव्हती, आणि जेथे सीमा नाही तेथे संक्रमणही संभवत नाही. १९४४ च्या शिकागो कराराच्या अनुच्छेद ३ ने हीच विभागणी कायम केली. लष्कर, सीमाशुल्क व पोलीस यांच्या सेवेतील विमाने शासकीय ठरली व करार केवळ नागरी विमानांना लागू झाला. लष्करी वैमानिकाची पात्रता आंतरराष्ट्रीय परवाना व्यवस्थेत आपोआप का धरली जात नाही, याचे मूळ येथे आहे.

दोन महायुद्धांमधील काळ : सुरुवातीच्या कंपन्यांना वैमानिक शोधावे लागले नाहीत. ऑस्ट्रेलियन फ्लाइंग कोअरमधील पॉल मॅकगिनेस आणि हडसन फिश यांनी नोव्हेंबर १९२० मध्ये क्वांटासची स्थापना केली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराची–मद्रास टपालसेवा सुरू झाली, तेव्हा कराचीहून मुंबईपर्यंत जे. आर. डी. टाटा यांनी विमान आणले; मुंबईहून बेल्लारीमार्गे मद्रासला ते नेणारे नेव्हिल व्हिन्सेंट ब्रिटिश हवाई दलातून आलेले होते.

नव्या कामाला जुने कसब जसेच्या तसे चालत नाही, हेही याच काळात उमगले. सीरियात लष्करी वैमानिक म्हणून काम केलेले जाँ मेर्मोज १९२४ मध्ये तुलूझजवळच्या माँतोद्रां येथे लातेकोएर कंपनीत दाखल झाले. चाचणी उड्डाणात त्यांनी कसरती केल्या. तेथील प्रमुख दिदिए दोरा (हेही युद्धातले वैमानिक) यांनी आपल्याला कसरतपटू नकोत असे सुनावले आणि साध्या चकरा मारून नीट उतरून दाखवायला लावले, अशी हकीकत सांगितली जाते. नव्या वैमानिकांना दोरा आधी कार्यशाळेत इंजिनांचे भाग घासायला बसवत, हे मात्र आख्यायिका म्हणून सोडून देण्याजोगे नाही.

याहून कठोर पुरावा १९३४ चा आहे. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी खासगी कंपन्यांचे टपाल करार रद्द केल्यावर फेब्रुवारी ते जून या काळात अमेरिकी भूदलाच्या हवाई शाखेने टपाल वाहिले. हिवाळी हवामान, रात्रीची उड्डाणे आणि केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा अपुरा सराव यांमुळे अपघातांची मालिका लागली व बारा-तेरा जण मृत्युमुखी पडले. त्याच मार्गांवर कंपन्यांचे वैमानिक वर्षानुवर्षे उडत होते. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मार्गाने, वाईट हवेत उडणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, ही गोष्ट तेव्हापासून कोणी फारशी नाकारली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रशिक्षित वैमानिकांचा मोठा लोंढा नागरी क्षेत्रात आला आणि पुढची काही दशके अनेक कंपन्यांचे कॉकपिट मुख्यतः याच मंडळींनी भरलेले होते.

उड्डाणतासांची मोजणी : आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या (इकाओ) परिशिष्ट १ नुसार विमान कंपनीच्या कप्तानाला लागणाऱ्या सर्वोच्च परवान्यासाठी (एटीपीएल) किमान १,५०० तास आवश्यक आहेत. त्यांतही पोटअटी आहेत : किमान १०० तास रात्रीचे, ७५ तास उपकरणांच्या आधारे केलेले, आणि विमानप्रमुख म्हणून साधारणतः २५० तास किंवा देखरेखीखालील ५०० तास. एकआसनी लढाऊ विमानाचा वैमानिक पहिल्या एकल उड्डाणापासून विमानप्रमुखच असतो, म्हणून तिसरी अट तो सहज ओलांडतो. रात्रीचे तास मात्र त्याच्याकडे कमी पडू शकतात. वाहतूक विमानावर सहवैमानिक म्हणून वर्षे काढलेल्याची गत नेमकी उलट.

मुळात तास कधी सुरू होतो यावरच दोन्ही जगांचे जमत नाही. इकाओच्या व्याख्येनुसार उड्डाणकाल म्हणजे उड्डाणाच्या हेतूने विमान प्रथम हलते तेव्हापासून उड्डाणाअखेर ते पूर्ण थांबेपर्यंतचा काळ. अनेक हवाई दलांत मात्र चाके धावपट्टी सोडतात तेव्हापासून ती पुन्हा टेकेपर्यंतचाच वेळ लॉगबुकात (वैमानिकाच्या उड्डाणांच्या नोंदवहीत) चढतो. लढाऊ विमान शेल्टरमधून निघते, सोबतच्या विमानांसाठी थांबते, धावपट्टीच्या तोंडाशी तंत्रज्ञ वाकून शस्त्रांच्या सुरक्षा पिना काढतात, मग उड्डाण होते. परतल्यावर हाच क्रम उलटा. ही पंधरा-वीस मिनिटे वैमानिक घामाघूम होऊन आत बसलेला असतो, पण लॉगबुकाच्या लेखी तो तेथे नसतोच.

उदाहरणादाखल, सरासरी १.२ तासांच्या १,२०० सॉर्टी (एकेक लष्करी उड्डाणफेरी) केलेल्या वैमानिकाचे १,४४० तास होतात, म्हणजे १,५०० ला साठ कमी. अमेरिकेतील अनेक कंपन्या भरतीच्या वेळी दर सॉर्टीमागे ०.२ किंवा ०.३ तास वाढवून धरतात. ०.२ धरल्यास बेरीज १,६८०, तर ०.३ धरल्यास १,८०० होते. चार-पाच तास सलग उडणाऱ्या वाहतूक विमानाच्या वैमानिकाला या वाढीचा लाभ नगण्य. शिवाय भरतीसाठी कंपनीने धरलेली वाढ परवाना देणाऱ्या प्राधिकरणावर बंधनकारक नसते. अर्ज भरताना दोन्ही बेरजा वेगळ्या दाखवणे श्रेयस्कर, कारण मुलाखतीत लॉगबुक उघडले जाते आणि आकडे जुळले नाहीत तर प्रश्न उड्डाणाचा राहत नाही, सचोटीचा होतो.

परवान्यातील सवलती : अमेरिकेत लष्करी पात्रतेच्या आधारे, विशेष लेखी परीक्षा देऊन व्यावसायिक परवाना मिळू शकतो, उड्डाण चाचणी पुन्हा द्यावी लागत नाही. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ झालेल्या कोलगन एअरच्या अपघातानंतर तेथील कायदा बदलला आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही एटीपीएल दर्जाचा परवाना अनिवार्य झाला. सर्वसाधारण उमेदवाराला त्यासाठी १,५०० तास लागतात, लष्करी प्रशिक्षण पूर्ण केलेल्याला ७५० तासांवर मर्यादित स्वरूपाचा परवाना मिळतो. त्यावर फक्त सहवैमानिक म्हणून उडता येते. युरोपीय संघात वैमानिकाने ज्या सदस्य राष्ट्रात सेवा केली तेथेच अर्ज करावा लागतो आणि ते राष्ट्र आपल्या मूल्यमापन अहवालानुसार सूट ठरवते. हेलिकॉप्टर वैमानिकांचा मार्ग सर्वत्र लांबचा आहे : त्यांचे तास पूर्णपणे धरले जात नाहीत आणि स्थिरपंखी विमानावरचे तास वेगळे जमवावे लागतात.

प्रशिक्षणातील फरक : नव्या विमानप्रकाराची माहिती आत्मसात करणे माजी लष्करी वैमानिकांना सहसा जड जात नाही. अडते ते हाताच्या सवयींपाशी. सिम्युलेटरमधील पहिल्या सत्रात विमान जमीन सोडते, सहवैमानिक उंची वाढत असल्याचे पुकारतो, आणि एकआसनी विमानातून आलेल्याचा हात आपसूक चाकांच्या दांड्याकडे जातो. येथे तो दांडा त्याने ओढायचा नसतो. ‘गिअर अप’ म्हणायचे आणि शेजारच्याने ते करेपर्यंत थांबायचे. उड्डाणाच्या निर्णायक वेगानंतर (ज्यापुढे उड्डाण रद्द करत नाहीत) इंजिन बंद पडले तर विमान सरळ ठेवायचे आणि साधारण ४०० फुटांपर्यंत इतर कशालाही हात लावायचा नाही, हा नियमही शीघ्र प्रतिक्रियेवर पोसलेल्या माणसाला आरंभी आळशीपणाचा वाटतो. लढाऊ विमान धावपट्टीवरून वेगाने जाऊन, झटकन वळून उतरवता येते. प्रवासी विमान खराब दृश्यमानतेत १,००० फुटांवर आणि स्वच्छ हवेत ५०० फुटांवर ठरलेल्या वेगात व मार्गावर स्थिर झाले नसेल, तर उतरणे सोडून पुन्हा वर जावे लागते, असा बहुतेक कंपन्यांचा दंडक आहे. तो मोडल्याची नोंद विमानातील डेटा रेकॉर्डरमध्ये राहते.

कॉकपिटमधील अधिकारक्रम : लष्करी पार्श्वभूमीमुळे कप्तानाला कोणी टोकत नाही आणि त्यातून अपघात होतात, असे मत प्रचलित आहे. ६ ऑगस्ट १९९७ रोजी ग्वाम येथे झालेल्या कोरियन एअरच्या अपघाताचा (२२८ मृत्यू) त्यासाठी हमखास आधार घेतला जातो. अधिकृत चौकशीने मात्र कप्तानाने उतरण्याच्या पद्धतीची पुरेशी पूर्वचर्चा व अंमलबजावणी न करणे, इतर दोघांनी त्याच्यावर परिणामकारक लक्ष न ठेवणे, कप्तानाचा थकवा आणि कंपनीचे अपुरे प्रशिक्षण यांवर बोट ठेवले. संस्कृतीवर खापर फोडणारे स्पष्टीकरण आकर्षक असले, तरी प्रशिक्षणाकडे निर्देश करणारे अधिक टिकाऊ दिसते. १९७९ मधील नासाच्या कार्यशाळेनंतर रूढ झालेले चमू-व्यवस्थापनाचे प्रशिक्षण (सीआरएम) नागरी व लष्करी या दोन्ही पार्श्वभूमींच्या वैमानिकांना सक्तीचे असते, हेही ध्यानात घ्यावे. १९ जुलै १९८९ रोजी सर्व द्रवचलित नियंत्रणे गमावलेले युनायटेड २३२ हे प्रवासी विमान अमेरिकेतील सू सिटीपर्यंत नेणारे कप्तान अल हेन्स मूळचे मरीन कोअरचे वैमानिक होते. त्यांनी यशाचे श्रेय याच प्रशिक्षणाला दिले.

ज्येष्ठता व वय : मोठ्या कंपन्यांत नेमणुकीचा तळ, विमानप्रकार, मासिक वेळापत्रक आणि कप्तानपद ही सर्व ज्येष्ठता क्रमांकावर अवलंबून असतात, आणि तो क्रमांक रुजू झाल्याच्या तारखेवरून पडतो. सैन्यातील हुद्दा त्यात धरत नाहीत. स्क्वॉड्रनचे नेतृत्व केलेला अधिकारी वयाने धाकट्या कप्तानाच्या उजवीकडे बसतो. लष्करातील सक्तीचा सेवाकाल (अमेरिकी हवाई दलात प्रशिक्षणानंतर दहा वर्षे) त्यामुळे महागात पडतो. वैद्यकीय तपासणीही नव्याने होते. आसनासह बाहेर फेकले गेल्याने झालेली मणक्याची इजा आणि श्रवणदोष यांची तीत बारकाईने छाननी होते.

बहुवैमानिक व्यावसायिक उड्डाणांसाठी इकाओची वयोमर्यादा नोव्हेंबर २००६ मध्ये ६० वरून ६५ झाली. साठी ओलांडलेल्या कप्तानासोबत साठीच्या आतील वैमानिक असावा, ही अट २०१४ मध्ये वगळण्यात आली. पंचेचाळिसाव्या वर्षी लष्कर सोडणाऱ्याला त्यामुळे पंधराऐवजी वीस वर्षे मिळतात.